दारूचा महसूल घेता, मग उपचारही द्या: पूर्व सोलापुरातून शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: दारू आणि ताडीच्या व्यसनात सापडलेल्या कामगार कुटुंबांसाठी उपचाराची सोय करण्याबाबत

महोदय,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आमच्या घरी तेलुगू बोलतात. शाळा माझी मराठी झाली आणि आता एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. अम्मा गेली चाळीस वर्षं विड्या वळते आहे. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले आणि तिथेच असताना वारले. धाकटा भाऊ यंत्रमागावर टॉवेल विणायचा. 'विणायचा' असं लिहिते, कारण दोन वर्षांपासून त्याला कुणी माग देत नाही. खाडे फार होतात, अंगावर उचल आहे, हात थरथरतात.

माझा भाऊ दारूच्या आणि ताडीच्या पूर्ण आहारी गेलेला आहे. हे आम्ही बरीच वर्षं लपवलं. नातेवाईकांना 'कावीळ झाली', कारखान्यात 'गावाला गेलाय', सोयरिकीच्या वेळी तर काहीच नाही. आज उघड लिहिते आहे, कारण लपवून फायदा झाला तो फक्त विकणाऱ्यांचा.

१० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरचा कर वाढवला. देशी दारूच्या १८० मिलिलीटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. या निर्णयातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल येईल, असं सरकारनेच सांगितलं. त्याच बैठकीत उत्पादन शुल्क विभागासाठी १,२२३ पदं मंजूर झाली. कारखान्यांवर आणि गोदामांवर लक्ष ठेवायला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा नियंत्रण कक्ष ठरला. ती बातमी मी कारखान्यात डबा खाताना वाचली. पुन्हा एकदा वाचली. उपचार, रुग्णालय, समुपदेशक यांतला एकही शब्द मला तिच्यात सापडला नाही. जे पितात त्यांच्याकडून किती येणार हे मोजलेलं होतं. त्यांचं पुढे काय होणार, ते कुणीच मोजलेलं दिसलं नाही.

हिशेब लिहिणं माझं रोजचं काम आहे, म्हणून आमच्या घरातला हिशेब सांगते. ८० रुपये म्हणजे अम्माच्या मजुरीने साधारण चारशे विड्या. पाला रात्री भिजवायचा, सकाळी कात्रीने एकेक पान मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, बोटाने तोंड दुमडायचं. चारशेला तिचे पाच-सहा तास जातात. तिचं वय आता चौसष्ट. दिवसाला सातशेच्या पुढे जात नाही. त्यातून ब्रँचमध्ये, म्हणजे कंपनीच्या विड्या जमा करायच्या केंद्रात, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस ती बाटलीसाठी राबते आणि उरलेला वेळ सहा माणसांसाठी.

भाव वाढवला की पिणं कमी होतं, असं तुमचे अधिकारी सांगतील. नव्याने पिऊ लागलेल्या पोराचा हात आखडतही असेल, ते मी नाकारत नाही. पण ज्याचं शरीरच दारूवर चालतं, तो दारू कमी करत नाही, घर कमी करतो. आमच्याकडे आधी दूध बंद झालं. मग भाचीची शिकवणी गेली, मग अम्माच्या रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या. आणि ८० रुपये नसतील त्या दिवशी तो ताडीकडे वळला. ताडी स्वस्त आहे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळते.

ताडीबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण मुंबईत बसून 'ताडी' म्हटलं की झाडाचा रस डोळ्यांसमोर येतो. झाडाचा रस पहाटे उतरवतात, दुपारपर्यंत तो आंबतो आणि त्याला हंगाम असतो. आमच्याकडे ताडी बारा महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत, कधीही न संपता मिळते. पूर्व भागात मी लहानाची मोठी झाले, इथे शिंदीची किती झाडं उरलीत ते बोटांवर मोजून दाखवीन. मग रोज पिंपांनी भरलेली ताडी येते कुठून? उत्तर तुमच्या विभागाच्या छाप्यांमध्येच वेळोवेळी सापडलेलं आहे: पाणी, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट. ही पावडर म्हणजे एके काळी झोपेसाठी वापरलं जाणारं औषध. ती किती घालायची याला माप नाही. एका दिवशी माणूस नुसता सुस्त होतो, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच ग्लासांत गटाराजवळ पडलेला सापडतो. तिची सवय दारूइतकीच घट्ट बसते आणि एकदम बंद केली तर झटके येतात.

सोलापूरकराला इथे एक आठवण आल्याशिवाय राहत नाही. ८ मे १९३० रोजी गांधीजींच्या अटकेनंतर याच गावातले लोक रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला निघाले होते. त्या दिवशी गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले, मग मार्शल लॉ आला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. शाळेत दर वर्षी आम्हाला हे सांगत. तेव्हा ताडी बंद करायची तर झाड तोडायचं, एवढं सरळ होतं. आज झाडंच नाहीत आणि ताडी मात्र त्याहून जास्त आहे.

माझा भाऊ सतराव्या वर्षी मागावर गेला. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत तरंगणारी कापसाची धूळ. रात्रपाळी संपली की जुने कामगार त्याला बरोबर न्यायचे. एक ग्लास घेतला की अंग मोकळं होतं, झोप लागते, असं त्याला कुणीतरी प्रेमानेच सांगितलं होतं. त्यांना तरी दुसरं काय ठाऊक होतं? अंगदुखीवर त्या भागात रात्री उघडं असलेलं दुकान तेवढं एकच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याने अम्माच्या पायाला हात लावून सोडतो म्हणून सांगितलं आणि खरोखर सोडली. आम्ही आनंदाने दाराला बाहेरून कडी घातली. आम्हाला वाटलं, चार दिवस काढले की सुटला. पहिला दिवस घाम आणि उलट्यांत गेला. दुसऱ्या रात्री तो झोपलाच नाही. तिसऱ्या रात्री मी उठून पाहिलं तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि दोन्ही हातांची बोटं हवेत चालत होती. चिमटीत काहीतरी धरायचा, पीळ द्यायचा, गाठ मारायचा, पुढे सरकायचा. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, "अक्का, ताणा तुटलाय सगळा, मालक यायच्या आत जोडतो." समोर माग नव्हता, सूत नव्हतं. जवळजवळ दोन तास तो नसलेले धागे जोडत होता. पहाटे त्याला फिट आली आणि त्याची जीभ दाताखाली सापडली.

महोदय, हे मला नंतर एका डॉक्टरने समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, झटके येतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस मरतोही. मिळाले तर बहुतेक वाचतो. औषधं साधी आहेत, महाग नाहीत. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, काही दिवसांच्या मोजून दिलेल्या गोळ्या, सलाइन, आणि लक्ष ठेवणारं माणूस. आमच्या गल्लीत प्रत्येक दारुड्याच्या घरात कधी ना कधी अशी कडी लागलेली आहे. कडी लावणं धोक्याचं आहे, हे आम्हाला कुठल्याही दवाखान्याने, कुठल्याही भिंतीवरच्या पोस्टरने, कुठल्याही शिबिराने सांगितलं नव्हतं. पोस्टरवर कवटी असते आणि 'दारू सोडा' एवढंच असतं.

त्या पहाटे रिक्षाने त्याला एका सरकारी दवाखान्यात नेलं. मी कुणा एका डॉक्टरला किंवा नर्सला दोष देत नाही. एका नर्सबाईंकडे किती खाटा होत्या ते मी पाहिलं आहे. पण जे झालं ते असं: त्याला जमिनीवर गादी मिळाली, हात गॉजपट्टीने पलंगाच्या पायाला बांधले, शेजारच्या रुग्णाच्या नातेवाईकांनी 'दारुडा आहे' म्हणून आमची पिशवी पायाने सरकवली. पाचव्या दिवशी भान आलं. सहाव्या दिवशी घरी पाठवलं. चिठ्ठीवर जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि एक ओळ: व्यसनमुक्ती केंद्राशी संपर्क साधा. कुठल्या, ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर 'बाहेर बघा' म्हणाले. मानसोपचाराची बाह्यरुग्ण खिडकी सकाळी उघडते आणि दुपारी बंद होते. त्या वेळात त्याला घेऊन गेलं की माझा दिवस बुडतो.

बाहेर बघितलं. एक खाजगी केंद्र सापडलं. अम्माच्या कानातली मोडून पैसे भरले. दोन महिने भेटू दिलं नाही. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते आणि तो तीन आठवडे कुणाशी बोलला नाही, मग चौथ्या आठवड्यात प्यायला गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. रुग्णाला अशा ठिकाणी ठेवायचं असेल तर नोंदणी लागते, रुग्णाला हक्क आहेत, तक्रारीसाठी मंडळ आहे. हे सगळं मला आता माहीत आहे. पैसे भरले त्या दिवशी माहीत नव्हतं आणि केंद्राच्या दारावर नोंदणी क्रमांक लिहिलेला नव्हता.

चांगलं काम कसं असतं हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असं थोडंच आहे? पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे. पण आमच्या गल्लीतल्या माणसाने पुण्याला जाऊन महिनाभर राहायचं म्हणजे मागे घरात चूल कशी पेटणार? आणि परत आल्यावर, जे सगळ्यात अवघड असतं ते, रोजच्या रस्त्यावरून दुकानासमोरून चालत जाणं, तेव्हा त्याच्या पाठीशी इथे कोण आहे? दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली आलं. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. आमच्या गल्लीपुरतं पाहिलं तर तो एकही मला सापडत नाही.

आणखी काही गोष्टी थोडक्यात.

बायकांनी आडवी बाटली करावी, म्हणजे मतदान करून दारूचं दुकान बंद पाडावं, असं आम्हाला सांगतात. २००८ च्या आदेशाप्रमाणे आधी वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या हव्यात. मग मतदानात यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं बाटली आडवी करायला पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या. त्या यादीत मेलेल्या आहेत, लग्न होऊन गेलेल्या आहेत, भिवंडीला आणि हैदराबादला गेलेल्या आहेत. आमदार निवडायला असली अट नाही. शिवाय हे सगळं परवान्याच्या दुकानापुरतं. बिनपरवान्याच्या ठिकाणी कुठली बाटली आडवी करणार?

मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात जाहीर झालं की गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगला निर्णय आहे. पण आमच्या वस्तीत नोंदणीकृत संस्था नाही. पत्र्याच्या घरांची कुठली संस्था? आमची हरकत कोण विचारणार?

विडीवर पूर्वी कल्याण उपकर होता. १९७६ च्या कायद्याने तो लागू झाला. त्या निधीतून विडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि उपकर गेला. म्हणजे जिच्या विड्यांवर घर चालतं तिचा आधार आटला आणि जो घर बुडवतो आहे त्याच्यासाठी काहीच उभं राहिलं नाही.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली हातभट्टीच्या तांड्यांवर 'ऑपरेशन परिवर्तन' केलं. भट्टी लावणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळावा म्हणून अधिकारी तांड्यांवर गेले. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. सरकारने ठरवलं तर वस्तीत येता येतं, हे त्यातून दिसलं. तेच आता पिणाऱ्यांच्या घरांपर्यंत आणा.

आणि मुलं. माझी भाची अकरा वर्षांची आहे. आई कामाला जाते, म्हणून दुपारी ती अम्माजवळ बसून पाला कापते. कात्री चालवायला कुणी शिकवलं नाही, बघून शिकली. परवा तिच्या वहीत गणिताच्या पानावर एक रकाना दिसला: वार, आणि पुढे 'पिला' किंवा 'नाही'. तीन आठवड्यांची नोंद होती. शाळेत कुणाला दाखवतेस का, विचारलं. म्हणाली, नाही, मला कळावं म्हणून लिहिते, कुठल्या दिवशी लवकर झोपायचं ते.

मी संपूर्ण दारूबंदी मागत नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शिवाय उपचाराशिवाय एका रात्रीत सगळं बंद केलंत तर आमच्या गल्लीत माणसं मरतील, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे. मी मागते आहे ते असं:

१. जादा येणाऱ्या १४ हजार कोटींतले शंभरातला एक रुपया व्यसनाच्या उपचारासाठी कायद्याने राखून ठेवा. ते १४० कोटी होतात. ३६ जिल्ह्यांत वाटले तर प्रत्येकाला चार कोटींच्या जवळपास. दर वर्षी किती आले, कुठे खर्च झाले, ते अधिवेशनात मांडा.

२. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात व्यसनाच्या रुग्णांसाठी वेगळ्या खाटा द्या. दारू तोडताना लागणारी औषधं तिथे कायम असू द्या. रुग्णाला घरी पाठवताना पुढची तारीख आणि माणसाचं नाव लिहून द्या.

३. पूर्व भागातल्या नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातून किमान दोन दिवस संध्याकाळी सात ते दहा व्यसनमुक्तीची बाह्यरुग्ण सेवा सुरू करा. पाळी सुटल्यावर कामगार येऊ शकेल अशी. समुपदेशकाला मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड येत असावं. भाऊ रडतो तेव्हा तेलुगूत रडतो.

४. परवाना असलेल्या प्रत्येक ताडी दुकानाची झाडं कुठे, किती, आणि रोज किती ताडी उतरते, हे जाहीर करा. दर महिन्याला न सांगता नमुने घ्या, क्लोरल हायड्रेटची तपासणी करा आणि अहवाल दुकानाच्या दारावर लावा. छाप्याच्या आधी आरोग्य विभागाला कळवा, म्हणजे पुरवठा तुटल्यावर येणाऱ्या रुग्णांची तयारी राहील.

५. खाजगी व्यसनमुक्ती केंद्रांची नोंदणीकृत यादी मराठीत प्रसिद्ध करा, तपासणी करा, मारहाण करणारी बंद करा.

६. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतदानावर लावा. मतदान सुट्टीच्या दिवशी घ्या. जिथे गृहनिर्माण संस्था नाही, तिथे वस्तीतल्या महिलांची सभा घेऊन हरकत नोंदवा.

७. शाळांमध्ये अशा घरांतल्या मुलांशी बोलणारी एक व्यक्ती नेमा. निदान ती वही दाखवावी असं कुणीतरी हवं.

एवढ्यात जमण्यासारखं नसेल तर तिसऱ्या मागणीपासून सुरुवात करा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. केंद्राची इमारत आहे, संध्याकाळी तिला कुलूप असतं.

भाऊ आता एकोणीस दिवस प्यायलेला नाही. ज्या डॉक्टरने आम्हाला समजावलं, ते स्वतःच्या ओळखीने गोळ्या देत आहेत. पुढच्या महिन्यात त्यांची बदली आहे. काल त्याने शेजारच्या कारखान्यात जाऊन विचारलं, मालक म्हणाला दोन महिने टिकून दाखव, माग देतो. या पत्राचं उत्तर मला त्या दोन महिन्यांच्या आत हवं आहे.

आपली विश्वासू,
एका विडी कामगाराची मुलगी
पूर्व भाग, सोलापूर